लाट्वियन ‘याउन्स’: तरुण आणि नवा, दोन्हींना एकच विशेषण कसं? (मदत हवी आहे)

लाट्वियनमधल्या ‘याउन्स’ या विशेषणापाशी अडलोय. ‘याउन्स त्सिल्वेक्स’ म्हणजे तरुण माणूस, पण ‘याउना माया’ म्हणजे नवं घर. शब्दकोशात दोन्ही अर्थ एकाच नोंदीत आहेत. शेजारच्या लिथुआनियनमध्ये मात्र तरुण तो ‘याउनस’ आणि नवा तो ‘नाउयस’. संस्कृत ‘युवन्’ आणि ‘नव’ यांची सख्खी भावंडं, दोन्ही वेगवेगळी शाबूत. मग लाट्वियनमधलं ‘नव’चं भावंड गेलं कुठे? ‘याउन्स’चाच अर्थ पसरला, की ‘नाउय’मधल्या न-यची अदलाबदल होऊन दोन शब्द एकरूप झाले?

दुसरा अडसर व्याकरणाचा. याउन्स (अनिश्चित, म्हणजे ‘कुणी एक’ तरुण) आणि याउनाइस (निश्चित, म्हणजे ‘तो ठरावीक’ तरुण) हा फरक कळतो. ‘हा’, ‘माझा’ अशा सर्वनामांनंतर निश्चित रूप येतं हेही माहीत आहे. पण नववर्षाच्या शुभेच्छेत, ‘लाइमीगु याउनुओ गदु’मध्ये, ‘आनंदी’ अनिश्चित आणि ‘नवं’ निश्चित, तेही एकाच द्वितीयेत!

प्रमाण भाषेपुरतंच हवंय, बोलींचं नको. रशियन येत नाही, इंग्रजी संदर्भ चालतील. ‘नवं वर्ष’ विशेषनामासारखं घट्ट झालंय म्हणून हे असं, की लागोपाठच्या दोन विशेषणांचा तसा नियमच आहे?