'कोल्ड फ्रंट'ला मराठीत काय म्हणावं?

दक्षिणवारा: मेलबर्नला राहतो. इथे उन्हाळ्यात अनेकांचे आईवडील देशातून येऊन राहतात. त्यांच्यासाठी वणव्याच्या दिवसांत काय करायचं, याचं दोन पानी मराठी पत्रक करतोय. 'कोल्ड फ्रंट'पाशी, म्हणजे गरम हवेला ढकलत येणाऱ्या गार हवेच्या पुढच्या कडेपाशी, अडलंय. मी 'शीत आघाडी' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'शीत वाताग्र' केलं. आघाडी म्हटलं की लोकांना निवडणूक आठवते म्हणे.

शब्द नीट हवा, कारण दिवसभर उत्तरेचा भट्टीसारखा वारा असतो, मग नैर्ऋत्येचा गार वारा घुसतो आणि पारा तासाभरात दहा-पंधरा अंश उतरतो. माणसांना वाटतं, सुटलो. खरा धोका तेव्हाच. वायव्येच्या वाऱ्याने आग आग्नेयेकडे लांबट पसरलेली असते. वारा फिरला की तिची अख्खी लांब कड पुढे धावू लागते. ७ फेब्रुवारी २००९ ला इथे ४६.४ अंश तापमान होतं आणि त्या वणव्यांत १७३ माणसं गेली. 'शीत' वाचून कोणी निर्धास्त होता कामा नये.

शब्दवेल्हाळ: 'वाताग्र' हिंदीतून आलंय. मराठीत 'सीमापृष्ठ' आहे की! दोन वायुराशींमधली सीमा, अर्थ चोख. आपले शब्द असताना उसने का घ्यायचे?

नांगरगाठ: चोख आहे, पण सत्तरीच्या माणसाला सीमापृष्ठ म्हणजे काय कळणार? 'आघाडी'च बरोबर. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेत बर्गेनला हवामानशास्त्रज्ञ ब्यर्कनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडली, आणि शब्द युद्धभूमीवरूनच उचलला. दोन हवा समोरासमोर ठाकलेल्या. आपणही 'आघाडीवरचे जवान' म्हणतोच. राजकारण्यांनी शब्द वापरला म्हणून तो आपण सोडून द्यायचा का?

हर्णैकर: दादा, पत्रकात नामच कशाला हवं? 'वारा फिरेल' लिहा. आमच्याकडे बोटीवर एवढं म्हटलं की सगळे सावध होतात. 'वारा फिरला, गारवा आला, तरी घरात परतू नका.' झालं.

शब्दवेल्हाळ: ते सूचनेपुरतं ठीक. पण परिभाषा टाळत गेलो तर मराठीत शास्त्र लिहायचं कसं? वर्तमानपत्रांत बघा, जे दिसेल त्याला 'कमी दाबाचा पट्टा'. पट्टा लांबट असतो, कमी दाबाचं क्षेत्र गोलसर. दोन्ही वेगळे.

नांगरगाठ: हे मात्र शंभर टक्के मान्य. ताशी ६२ किमीच्या आत वारा, म्हणजे अजून चक्रीवादळ झालेलंच नसताना 'चक्रीवादळ धडकणार' असे मथळे देतात. मग २०२० च्या 'निसर्ग' चक्रीवादळासारखं खरंखुरं वादळ आलं की लोक 'येतंच असतं' म्हणून घरात बसून राहतात.

माणदेशी: 'वादळ' सगळीकडे एकच कशाला? आमच्याकडे धूळ उडवत येतं ते वावधान, जागच्या जागी गरगरतं ती वावटळ. आजी आकाशाचा रंग बघून 'वावधान सुटणार' म्हणायची आणि वाळवण आत घ्यायला लावायची. हे शब्द कोशात पडून आहेत, बातम्यांत एकही दिसत नाही.

हर्णैकर: तसाच 'मतलई'. पाठ्यपुस्तकात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले सगळ्यांनी, पण आमच्याकडे तो रोजचा शब्द. शिडाच्या होड्या पहाटे मतलईवर बाहेर पडायच्या आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायच्या.

शब्दवेल्हाळ: मतलई मातीवरून आला असणार. मातीकडून, म्हणजे जमिनीकडून येणारा.

नांगरगाठ: नाही हो. अरबी 'मतला', उगवण्याची जागा. गझलेच्या पहिल्या शेराला मतला म्हणतात तोच. मतलई म्हणजे उगवतीचा वारा, पूर्वेचा. अरबी खलाशी शतकानुशतकं आपल्या बंदरांत येत होते.

हर्णैकर: पूर्वेचा की जमिनीकडचा? आमच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर जमिनीकडचाच म्हणतील.

नांगरगाठ: कोकणात जमीन पूर्वेलाच आहे, त्यामुळे दोन्ही एकच.

माणदेशी: मग विशाखापट्टणला मतलई कशाला म्हणायचं? तिथे पूर्वेकडून येतो तो खारा वारा.

दक्षिणवारा: मंडळी, पत्रक शुक्रवारी छापायला जातंय. आघाडी ठेवू की काढू?

शब्दवेल्हाळ: माणदेशी, मुद्दा बिनतोड आहे. मातीवाली व्युत्पत्ती त्यामुळेच मला जास्त पटते.

नांगरगाठ: शब्द कोकण किनाऱ्यावर रुजला, तिथला अर्थ तिथेच तपासायचा. पूर्व किनाऱ्यावर तो वापरतात तरी का?