‘स्वयंसेवक’ की ‘कार्यकर्ता’?

प्रश्न : बडोद्यात आम्ही काही जण महिन्यातून एका रविवारी पायथन ही संगणकाला आज्ञा देण्याची भाषा शिकू पाहणाऱ्यांना दांडिया बाजारात जमवतो. मागच्या पत्रकात ‘स्वयंसेवक हवेत’ असे छापले, तेव्हा आलेल्या मुलांनी बिल्ला कुठे मिळेल आणि जेवण किती वाजता आहे, एवढेच विचारले. अशा मुक्तस्रोत, म्हणजे कोणालाही पाहता, वापरता आणि सुधारता येणाऱ्या, भाषेभोवती माणसे जोडणाऱ्याला मराठीत नेमके काय म्हणावे? ‘समुदाय’ हा शब्दही कानाला खटकतो.

उत्तर : मुलांचे काही चुकले नाही. ‘स्वयंपाक’ या शब्दात ‘स्वयं’ म्हणजे आपल्या हाताने, उपाहारगृहातल्या ‘स्वयंसेवा’ या पाटीवर आपले आपणच, आणि ‘स्वयंसेवक’ या शब्दात आपल्या इच्छेने. त्यामुळे व्युत्पत्तीच्या दृष्टीने शब्दात खोट नाही. रूढीने मात्र तो संमेलने आणि मिरवणुकींच्या बंदोबस्ताला चिकटला आहे. काम दुसऱ्याने नेमून द्यायचे, आणि मांडव उतरला की ते संपले, असाच त्याचा ध्वनी आहे.

पायथनचे तसे नाही. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या या भाषेबाबतचा अखेरचा निर्णय देण्याचा अधिकार त्यांनी २०१८ मध्ये सोडला आणि पुढच्या वर्षी पाच जणांचे सुकाणू मंडळ निवडून आले. त्यासाठी मत देण्याचा हक्क आहे तो कोअर डेव्हलपरांना, म्हणजे भाषेच्या मूळ आज्ञावलीवर जे राबतात त्यांनाच. त्यांतल्या काहींना त्यांच्या कंपन्या याच कामाचा पगार देतात, तेव्हा ‘विनामोबदला’ ही कसोटीही पुरत नाही. जबाबदारी अंगावर घेणे आणि निर्णयात वाटा असणे, या दोन्ही गोष्टी ‘कार्यकर्ता’ या शब्दात येतात.

आपल्याच एका बैठकीत पाहिलेले सांगतो. विंडोजवर पायथन बसवताना ‘पाथ’च्या, म्हणजे पायथन कुठे ठेवले आहे ते संगणकाला सांगणाऱ्या, चौकटीत खूण करायची राहिल्यामुळे एका मुलीच्या लॅपटॉपवर आज्ञाच चालेना. एक गृहस्थ सतरंजीवर तिच्याशेजारी बसले, त्यांनी तिच्याकडूनच सगळे पुन्हा करवून घेतले आणि पुढच्या महिन्यात नव्या दोघांचे लॅपटॉप तिच्याच हवाली केले. (घरचे याला लष्कराच्या भाकऱ्या भाजणे म्हणतात, तो भाग वेगळा.) या गृहस्थांना मी स्वयंसेवक म्हणणार नाही.

शंका : ‘कार्यकर्ता’ म्हटले की डोळ्यांपुढे पक्षाचा झेंडा आणि ‘साहेबांचा माणूस’ उभा राहतो, त्याचे काय करावे?

उत्तर : आक्षेप रास्त आहे, परंतु गणेशोत्सव मंडळात आणि ग्रंथालयाच्या समितीत या शब्दाचा जुना अर्थ अजून शाबूत आहे. शिवाय आपले गुजराती शेजारी ‘कार्यकर’ म्हणतातच, तेव्हा येथे तो परका वाटणार नाही. शासनव्यवहाराच्या शब्दांचे आठ भाषांतले पर्याय शेजारी शेजारी मांडणारा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ १९३१ साली आपल्याच शहरात निघाला. असे पर्याय तोलून पाहण्याची सवय बडोद्याला जुनी आहे.

‘समुदाय’ म्हणजे एकत्र आलेला जमाव. ‘जनसमुदाय लोटला’ असे आपण म्हणतो, आणि त्यातल्या माणसांची परस्परांशी ओळख असावी लागत नाही. बोलताना आपण ‘पायथनवाली मंडळी’ म्हणतो, तेच लिहावे. पत्रकात ‘कार्यकर्ते हवेत’ असे छापावे आणि मुली येणार असल्याने ‘कार्यकर्त्या’ हे रूपही सोबत द्यावे; एकवचनी ‘कार्यकर्ती’.