लॅपटॉपचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणे कितपत शक्य, कितपत सुरक्षित?

वऱ्हाडी_रेखाटक:
नमस्कार. माझ्याकडे २०१९ मध्ये घेतलेला, इंटेल कोअर आय-७ ९७५०एच प्रोसेसरचा लॅपटॉप आहे. मी अकोल्यात राहतो आणि घरांच्या आराखड्यांवरून ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये त्रिमितीय देखावे तयार करून देतो. या प्रोसेसरचा कमाल वेग ४.५ गिगाहर्ट्‌झ असल्याचे सांगितले जाते; परंतु रेंडर (देखाव्याचे अंतिम चित्र तयार करण्याचे काम) सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटांतच सहाही कोअर (प्रोसेसरमधले गणना करणारे भाग) २.८ वर उतरतात आणि तापमान ९७ अंशांवर जाऊन टेकते. ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेग लावून, सर्व कोअर ४.५ वर चालवता येतील का, आणि त्यात यंत्राला कोणता धोका आहे, हे जाणकारांनी सांगावे. नवा लॅपटॉप घेणे सध्या परवडणारे नाही.

सिलिकॉन_वाचक:
थेट उत्तर द्यायचे तर, नाही. प्रोसेसरचा वेग म्हणजे १०० मेगाहर्ट्‌झच्या मूळ ठोक्याला मल्टिप्लायरने गुणून येणारी संख्या असते, आणि आपल्या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कारखान्यातूनच कुलूपबंद आहे. तो खुला असलेले लॅपटॉप-प्रोसेसर वेगळे. त्यांच्या नावाअखेर एचके किंवा अलीकडे एचएक्स ही अक्षरे असतात. शिवाय ४.५ हा आकडा एकाच कोअरवर भार असतानाचा आहे. सहाही कोअर कामाला लागले की मर्यादा ४.० वर येते.

पण कुलूप नसते तरी फारसे काही साधले नसते, असे माझे मत आहे. प्रोसेसरचा वीजवापर वेगाच्या प्रमाणात वाढतो आणि व्होल्टेजच्या वर्गाच्याही प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढवण्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावे लागले, तर वीज आणि तिच्यासोबत उष्णता सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. आपला प्रोसेसर ४५ वॉटसाठी आखलेला असून १०० अंश ही त्याची कमाल मर्यादा आहे. तिच्या जवळ पोहोचल्यामुळेच तो स्वतःहून वेग कमी करतो आहे. उष्णता बाहेर जायला वाट नसताना आणखी वेग मागितला, तर तो आणखी लवकर मंदावेल.

जुना_कारागीर:
मी लॅपटॉप दुरुस्तीचे काम करतो, म्हणून धोक्याविषयी लिहितो. अतितापाने प्रोसेसर स्वतः जळाल्याचे क्वचितच पाहायला मिळते, कारण तो स्वतःला वाचवतो. त्याला वीज पुरवणारे मदरबोर्डवरील मॉस्फेट मात्र बिचारे उघड्यावर असतात. अनेक लॅपटॉपमध्ये त्यांच्यावर पुरेसे थंडावण्याचे साधन नसते आणि ते गेले की बहुधा अख्ख्या बोर्डाचा खर्च येतो. सततच्या उष्णतेने शेजारची बॅटरीही लवकर म्हातारी होते, कधी फुगते.

आपल्या गावच्या उन्हाळ्यात खोलीच ४० अंशांवर असेल, तर पंखा तीच तापलेली हवा आत ओढणार. आधी लॅपटॉप उघडून हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत साचलेला धुळीचा थर काढा आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट बदला. इतक्या वर्षांत ती नक्कीच वाळली असेल.

सिलिकॉन_वाचक:
त्यासोबत व्होल्टेज थोडे कमी करून पाहा, म्हणजे अंडरव्होल्ट. थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅममध्ये उणे ५० मिलिव्होल्टपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक टप्प्यावर तासभर रेंडर चालवून खात्री करावी. प्रमाण चुकल्यास यंत्र बंद पडते, म्हणून हाती असलेले काम आधी जतन करावे. कायमचे नुकसान मात्र होत नाही.

वऱ्हाडी_रेखाटक:
दोघांचेही आभार. पात्यांमधून अक्षरशः नमद्यासारखा थर निघाला. पेस्ट बदलल्यावर त्याच रेंडरमध्ये वेग ३.२ वर स्थिर राहतो आणि तापमान ८८ च्या पुढे जात नाही. अंडरव्होल्टचा पर्याय मात्र कुलूपबंद दिसतो. जुना बायोस (यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) टाकल्यास तो खुला होईल का?

सिलिकॉन_वाचक:
डिसेंबर २०१९ मध्ये प्लंडरव्होल्ट नावाची त्रुटी उघड झाली. व्होल्टेज मुद्दाम घटवून प्रोसेसरमधील सुरक्षित कप्प्याच्या गणनेत चुका घडवता येतात, असे संशोधकांनी दाखवल्यावर अनेक उत्पादकांनी बायोसमधून ही सोयच बंद केली. काही यंत्रांवर जुना बायोस टाकल्याने ती परत मिळते, परंतु त्यासोबत नंतरच्या सुरक्षा-दुरुस्त्याही जातात. आणि बायोस लिहिताना वीज गेली, तर यंत्र सुरूच न होण्याची शक्यता असते. ज्या लॅपटॉपवर आपले पोट आहे, त्यावर हा प्रयोग मी करणार नाही. मागची बाजू दोन बोटे उचलून ठेवा आणि मोठी रेंडर पहाटे लावा.