स्प्रे सीलंट मारल्यावर काळ्या गाडीवर तेलकट पट्टे आणि पांढऱ्या कड्या, काढून टाकू का?

सहज_विचारलं:
मंडळी जरा मदत करा. गाडी काळी आहे, मेटॅलिक नाही साधी काळी, आणि दिवसभर उघड्यावर उभी असते. डबीतलं वॅक्स घासत बसायला वेळ नाही म्हणून स्प्रे सीलंट आणलं, रंगावर संरक्षणाचा पातळ थर देणारं, ते फवारायचं आणि पुसायचं वालं. गाडी धुतली, वाळवली, मारलं. तेव्हा एकदम भारी दिसत होती. पण आता संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं की बॉनेटवर आणि टपावर तेलकट पट्टे दिसतात, बोटाने पुसायला गेलं तर पसरतात पण जात नाहीत. दुसरं म्हणजे पाऊस पडून गेला की थेंब मस्त टपोरे उभे राहतात आणि नंतर ऊन आलं की प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरी कडी उरते, हे आधी इतकं होत नव्हतं. आणि ते बारीक गोल गोल चरे आहेत ना, उन्हात जाळ्यासारखे दिसतात ते, ते झाकले जातील असं वाटलं होतं तर उलट जास्तच उठून दिसतायत. माल फालतू निघाला का? सगळं काढायचं झालं तर कसं काढू? का सरळ सिरॅमिक कोटिंग, ते रंगावर कडक होऊन बसणारं टिकाऊ वालं, करून मोकळं व्हावं?

जुना_पेंटर:
बाटलीला इतक्यात शिव्या नको देऊस. तेलकट पट्टे म्हणजे माल जास्त झालाय, दहातले नऊ वेळा हेच असतं. गाडीचा सगळ्यात वरचा जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण 35 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही बारीक. आणि स्प्रे सीलंटचा जो थर त्याच्यावर खरोखर धरून राहतो तो एका मायक्रॉनपेक्षाही पातळ. म्हणजे पृष्ठभागाला लागतं अगदी किंचित, आणि आपण काय करतो, पैसे दिलेत तर मारा भरपूर म्हणून अख्खं बॉनेट भिजवतो. जे धरलं ते धरलं, बाकीचं नुसतं वर पडून राहतं आणि तेच तुला तिरप्या उन्हात दिसतंय.

काढायला सोपं आहे. सावलीत गाडी लाव, बॉनेट पूर्ण गार होऊ दे (इंजिनची उष्णता खालून येत असते हे लोक विसरतात, हाताची उलटी बाजू लावून बघ, कोमट जरी लागलं तरी थांब). मायक्रोफायबर पाण्यात बुडवून घट्ट पिळून घे आणि त्या नुसत्या ओलसर फडक्याने एक हात फिरव, लगेच मागून दुसऱ्या कोरड्या फडक्याने पूस. तरी राहिलं तर तेच सीलंट फडक्यावर एकदा फुसकन मारून त्या पट्ट्यांवरून फिरव आणि पुन्हा कोरडं फडकं. ताज्या मालाने वर पडलेला वाळका माल परत सुटतो आणि दोन्ही एकत्र निघून येतात, विचित्र वाटेल पण चालतं. एवढं करूनही हटला नाही तर आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून पुसायचं, मग मात्र सीलंट पण बरंचसं जाणार, परत मारावं लागेल.

पुढच्या वेळी बाटली आधी नीट हलव, आतला माल खाली बसतो. गडद रंगावर पत्र्यावर न फवारता फडक्यावर फवार. एका वेळी एकच भाग, अर्धं बॉनेट, मग एक दरवाजा, असं. फडकं दोन ठेव, एक पसरवायला एक चकाकी काढायला, आणि दुसरं फडकं ओलं लागायला लागलं की बदल, ते ओलं झालं की पुसत नाही नुसतं फिरवत बसतं. पांढऱ्या गाडीवर पण हेच पट्टे पडतात बरं का, फक्त कोणाला दिसत नाहीत म्हणून पांढऱ्यावाले स्वतःला कारागीर समजतात.

चौथा_गिअर:
काळी गाडी घेतलीस तेव्हाच हे सगळं ठरलं होतं रे, आता भोग. आमच्याकडे पण काळीच आहे त्यामुळे बोलायचा हक्क आहे.

थेंबे_थेंबे:
पट्ट्यांचं पेंटरदादांनी सांगितलंच, मी पांढऱ्या कड्यांचं सांगतो कारण हा विषय लोकांना उलटाच कळलेला असतो. पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी 90 अंशापेक्षा जास्त कोन करायला लागला की तो पसरत नाही, गोळा होऊन बसतो. सीलंट नसताना तेच पाणी पसरून पातळ पापुद्रा होऊन सुकायचं, त्यातली घाण सगळीकडे थोडी थोडी पसरायची आणि नुसती गाडी मळकट दिसायची. आता तेवढीच घाण एका टपोऱ्या थेंबात जमते आणि थेंब सुकताना ती कडेला ढकलली जाते, म्हणून कडी. पावसाचं पाणी तसं स्वच्छच असतं, त्यात क्षार फारसे नसतात, पण हवेतली धूळ घेऊन येतं आणि गाडीवर आधीची धूळ असतेच. खरा वैरी म्हणजे नळाचं जड पाणी, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमवालं, त्याने गाडी धुवून उन्हात तशीच सोडली तर ज्या कड्या पडतात त्या नुसत्या शाम्पूने निघतच नाहीत.

तर आधी बघ कुठल्या आहेत. धुतल्यावर गेल्या तर धुळीच्या, विषय संपला. नाही गेल्या तर क्षाराच्या, तिथे पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून फडक्याने ओलं करून ठेव, मिनिटभरच, मग भरपूर पाण्याने धू. उन्हात नाही करायचं आणि वाळू द्यायचं नाही. त्या जागी सीलंट कमजोर होईल तर तेवढ्यापुरतं परत मार. आणि व्हिनेगरनेही ठसा राहिला, बोटाला खळगी लागल्यासारखी लागली, तर मग क्लिअर कोटमध्येच खोल गेलंय, ते पॉलिशशिवाय जायचं नाही.

उघड्यावर उभी राहणाऱ्या गाडीला पाऊस काय कोणी थांबवू शकत नाही पण धुतल्यावर तरी पूर्ण कोरडी करत जा. एक युक्ती सांगतो, शेवटचं पाणी मारताना पाइपाच्या तोंडाचा फवारा काढून टाक आणि पाइप टपाजवळ धरून नुसतं संथ पाणी सोड, बोटाने दाबायचं नाही. सीलंट लागलेलं असेल तर पाण्याची अख्खी चादर सरकत खाली येते आणि मागे बोटावर मोजण्याइतके थेंब राहतात. बघायला पण मजा येते.

उगाच_विरोध:
सगळ्यांचं बरोबर आहे पण मला या थेंबांच्या कौतुकाचा कंटाळा आलाय खरंच. जो तो बॉनेटवर पाणी ओतून फोटो टाकतो आणि म्हणतो बघा संरक्षण. थेंब उभा राहिला म्हणजे पत्रा सुरक्षित असं काही नसतं. आणि उलटंही, थेंब बसायचे बंद झाले म्हणजे सीलंट गेलंच असंही नाही, वर रस्त्याची तेलकट घाण बसली की थेंब बसायचे बंद होतात, एकदा चांगल्या शाम्पूने धुतलं की परत टपोरे. त्यामुळे दर वेळी घाबरून नवा थर चढवायची गरज नाही.

याचा खरा फायदा मला एकच वाटतो, घाण चिकटून बसत नाही. चिखल, किडे, झाडाचा चीक, पक्ष्याची शिट, सगळं कमी रगडण्यात निघतं, आणि कमी रगडलं की कमी चरे. पण शिटेच्या बाबतीत फक्त वेळ मिळतो हां, अभय नाही मिळत. उन्हात दिवसभर राहिली तर सीलंट असो नाहीतर कोटिंग असो, डाग उठू शकतो.

आणि मूळ प्रश्नवाल्याला माझा एक प्रश्न, खरं सांग, सकाळी निघताना कोरड्या फडक्याने धूळ पुसतोस ना? ते गोल चरे तिथूनच आलेत. ती धूळ म्हणजे बारीक वाळूच असते. ते चालू ठेवायचं असेल तर सीलंट नको आणि सिरॅमिक पण नको, दोन्ही वाया. आधी पाण्याने धूळ उडवून द्यायची, मग शाम्पू, आणि दोन बादल्या, एक शाम्पूची एक फडकं खळबळायची. दुसऱ्या बादलीच्या तळाशी काय साठतं ते एकदा बघ म्हणजे पटेल.

जुना_पेंटर:
विरोधभाऊ बोलला ते पटलं, फक्त चऱ्यांबद्दल थोडं जोडतो. सीलंटने चरे बुजत नाहीत, तो थरच इतका पातळ आहे की बुजवणार कशाने. आणि जास्त का दिसतायत तर आधी पृष्ठभाग मंद होता, आता चकाकतोय, त्यामुळे चऱ्यांच्या कडांवरून ऊन जोरात परततं. ते घालवायचे तर पॉलिश, म्हणजे अपघर्षक लावून क्लिअर कोटच किंचित खरवडून सपाट करायचा. तो 35-50 मायक्रॉन एवढाच असतो आणि परत उगवत नाही, तेव्हा दर सणाला मशीन फिरवायचा विषय नाही. काही ठिकाणी 'चरे गायब' म्हणून जे लावतात त्यात नुसतं तेल आणि भरण असतं, चार वेळा धुतलं की चरे परत हजर.

अजून एक, लोक म्हणतात सीलंटने उन्हापासून रंग वाचतो. क्लिअर कोटमध्ये कारखान्यातच अतिनील किरण शोषणारी रसायनं घातलेली असतात, मुख्य काम ती करतात. एवढ्याशा थराकडून तिथे फार अपेक्षा ठेवू नकोस.

सहज_विचारलं:
बाप रे, एवढी उत्तरं. कोरडं फडकं... हो. गप्प बसतो. ओल्या फडक्याने करून बघतो या सुट्टीला. अजून शंका आहेत, रागावू नका. एक, ते ओल्या गाडीवरच मारून पाण्याने धुवून टाकायचं सीलंट मिळतं ते चांगलं का? दोन, काचेला, चाकांना पण मारलं तर चालतं का? तीन, मागचा बंपर नुकताच रंगवून घेतलाय, पंधरा दिवस पण झाले नाहीत, त्याला मी अजून मारलेलं नाही, मारू का? आणि सिरॅमिकचं कोणी बोललंच नाही.

थेंबे_थेंबे:
ओल्यावरचं मी वापरतो, आळशी माणसाला वरदान आहे पण त्याची एक अट आहे. भाग पूर्ण ओला पाहिजे, त्यावर अगदी थोडं मारायचं आणि लगेच जोरात पाणी मारून धुवून काढायचं, त्या जोराच्या पाण्यानेच ते पसरतं. नुसतं बादलीने पाणी ओतून काम होत नाही. आणि कोरड्या पत्र्यावर चुकून पडून वाळलं तर जे डाग उठतात ते तुझ्या आत्ताच्या पट्ट्यांपेक्षा चिवट असतात. टिकतं साधारण पुसायच्या प्रकाराइतकंच, म्हणजे काही आठवडे ते दोन-तीन महिने, उघड्यावर उभ्या गाडीला खालचा आकडा धर. बाटलीवर काय लिहिलंय ते बाटलीपाशी राहू दे.

पुढच्या काचेला नाही मारायचं. वायपर थडथडायला लागतो आणि रात्री समोरून दिवे आले की काच धूसर दिसते. काचेला काचेचंच वेगळं मिळतं. चाकांना चालतं, पण गार असताना आणि फडक्यावर घेऊनच, ब्रेकच्या डिस्कवर एक थेंब पण उडता कामा नये. टायरच्या जमिनीला लागणाऱ्या भागावर, सीटवर, स्टिअरिंगवर, पेडलवर तर अजिबात नाही, तिथे निसरडं करून काय मिळवायचंय. आणि कोणाची मॅट रंगाची गाडी असेल तर त्याला मॅटसाठीचंच, चकाकीवालं मारलं तर डाग डाग चमकेल.

चौथा_गिअर:
सिरॅमिकचं मी सांगतो कारण करून घेतलंय. टिकतं जास्त, हे खरं. पण धुवायला लागतंच, पाण्याच्या कड्या त्याच्यावर पण पडतात, आणि खालचा पृष्ठभाग आधी तयार नसेल तर चरे आतच बंद होऊन बसतात, वरून काही करता येत नाही. स्प्रे चुकला तर ओल्या फडक्याने निघतो. कोटिंग पुसायला उशीर होऊन वाळलं तर पॉलिश करून काढावं लागतं. त्यामुळे आधी धुणं सुधार मग ठरव. आणि स्प्रेवाल्या बऱ्याच बाटल्यांवर पण हल्ली सिरॅमिक लिहिलेलं असतं, आत थोडीफार सिलिका असते म्हणून, दोन्ही एकच समजू नकोस.

जुना_पेंटर:
बंपरला हात लावू नकोस इतक्यात. कारखान्यात नुसती बॉडी असते, प्लॅस्टिक रबर काही नसतं, म्हणून रंग 140 अंशाच्या आसपास भाजून काढता येतो आणि गाडी बाहेर पडते तेव्हा रंग पक्का झालेला असतो. गॅरेजमध्ये तेवढी उष्णता देता येत नाही, तिथे साधारण 60 अंशावर किंवा नुसत्या हवेवर सुकवतात. वरून हाताला कोरडा लागतो पण आतलं सॉल्व्हंट पुढे बरेच दिवस बाहेर पडत असतं. त्याच्यावर लगेच झाकण बसवलं तर रंग नीट कडक होत नाही. रंगवणाऱ्याला विचार त्याने कुठलं मटेरियल वापरलंय, सहसा 30 ते 90 दिवस थांबायला सांगतात. तोवर नुसतं साधं पाणी आणि सौम्य शाम्पू, मशीन पॉलिश नाही, चिकटपट्टी पण लावू नकोस.

आणि बाकीच्या गाडीला परत मारायच्या आधी एक कर. धुतलेल्या ओल्या बॉनेटवर हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून हलकेच फिरव. नुसत्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागेल, ते रुतून बसलेले लोखंडाचे कण, डांबर, चीक. ते तसंच ठेवून मारलं तर सीलंट रंगावर धरत नाही, घाणीवर धरतं. लोखंडावरचं रिमूव्हर मारलं की कण असतील तिथे जांभळे ओघळ येतात, ते धुवून टाकायचं, मग क्ले, म्हणजे रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी, ती फिरवायची, भरपूर शाम्पूचं पाणी घालून घसरतं ठेवून, दाब न देता. क्लेचा तुकडा जमिनीवर पडला तर सरळ फेकून दे, कितीही जीव तुटला तरी. आणि सीलंटची फडकी वेगळी धुवायची, सॉफ्टनर न घालता, वाळून कडक झालेलं फडकं असेल ते रंगाला परत लावायचं नाही, इंजिनची झाकणं पुसायला ठेव.