चक्रीवादळानंतर आरान्सासच्या हूपिंग क्रेनचं काय होतं?

माळरान_सोलापूर
नमस्कार मंडळी. टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या आरान्सास अभयारण्यात हूपिंग क्रेन (उत्तर अमेरिकेतले दुर्मिळ, मोठे पांढरे क्रौंच) हिवाळा काढतात. २५ ऑगस्ट २०१७ च्या रात्री हार्वे हे चौथ्या श्रेणीचं चक्रीवादळ तिथून जवळच, रॉकपोर्टपाशी धडकलं. पक्षी तेव्हा चार हजार किलोमीटरवर, कॅनडात होते, म्हणून वाचले. पण ऑक्टोबरात परतल्यावर ते खाणार-पिणार काय? दाणा टाकता येतो का? आपल्याकडे कांड्या करकोचे हरभऱ्याच्या रानात उतरतात, तसं यांना जमत नाही का? नान्नज अभयारण्यातून जवळजवळ नाहीशा झालेल्या माळढोकाची अवस्था समोर असल्यामुळे एकाच जागेवर विसंबलेल्या पक्ष्याची फार धास्ती वाटते.

क्रौंचपाठी
धास्ती रास्त आहे. १९४१ च्या सुमारास या स्थलांतरी कळपात अवघे १५-१६ पक्षी उरले होते. आज पाचशेच्या वर आहेत, तरी जवळजवळ सगळा कळप हिवाळ्यात त्या एका किनारपट्टीवरच असतो.

वादळ पक्षी हजर असताना आलं तर काय होतं, याचा दाखला लुइझियानातला आहे. तिथल्या व्हाइट लेकला हूपिंग क्रेनचा बारमाही राहणारा, स्थलांतर न करणारा कळप होता. ऑगस्ट १९४० च्या वादळी पावसाने आणि पुराने तो उधळला. १३ पैकी ६ उरले आणि १९५० मध्ये शेवटचा पक्षी पकडून हलवावा लागला. आरान्सासच्या पक्ष्यांना त्यांच्या वेळापत्रकाने वाचवलं. ते साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून येऊ लागतात, तोवर वादळांचा भर ओसरलेला असतो.

आता खाणं. त्यांचं मुख्य अन्न म्हणजे खारदलदलीतले निळे खेकडे आणि वुल्फबेरीची लाल फळं (ही मिरची-वांग्याच्या कुळातली). वाऱ्याने फळं झडतात, पण झुडूप सहसा तगतं. वादळाच्या पावसाने नद्यांचं गोडं पाणी खाडीत आलं तर खेकड्यांच्या पिल्लांना ते उलट मानवतं. खरी अडचण पिण्याच्या पाण्याची होते. लाटांचा लोंढा दलदलीमागच्या गोड्या तळ्यांत शिरला की तळी खारी होतात, आणि बांध शाबूत असेल तर ते पाणी तिथेच कोंडून राहतं. खाडीचा खारेपणा लिटरला साधारण २३ ग्रॅमच्या वर गेला की क्रेनला खाडीचं पाणी पिववत नाही (समुद्राचं ३५ च्या आसपास असतं). मग रोज गोड्या तळ्यांकडे उड्डाणं. त्यात ताकद जाते, चरायचा वेळ जातो, आणि झाडीच्या कडेला बॉबकॅट (तिथलं रानमांजर) टपलेलं असतं.

दाणा टाकू नये. कुटुंबागणिक सुमारे शंभर हेक्टरची हद्द राखणारे हे पक्षी एका ढिगाभोवती गोळा झाले की रोग पसरतो. दमट हवेत धान्याला बुरशी लागते ती वेगळीच. टेक्सासमध्येच १९८० च्या दशकात शेतात राहिलेल्या बुरशीच्या भुईमुगाने हजारो सँडहिल क्रेन (तिथलीच दुसरी क्रौंच जात) मेले. कांड्या करकोचा मुळात कोरड्या गवताळ रानातला दाणे टिपणारा पक्षी, त्याची तुलना इथे लागू पडत नाही.

जलमापक
तळं पिण्याजोगं झालं की नाही हे ठरवताना हमखास चूक होते ती नमुना घेण्यात. पावसाचं गोडं पाणी हलकं असल्याने वर तरंगतं आणि खारं तळाशी बसतं. वरचं पाणी मोजलं की आकडा छान येतो, आणि आठवड्याभरात वाऱ्याने ढवळलं की तळं पुन्हा खारट. म्हणून बाटली काठीला बांधा, बुचाला दोरी लावा, तळाशी नेऊन बूच ओढा. एका तळ्यात निदान तीन जागी.

आपल्याकडे बोअरच्या पाण्याला वापरतात तो साधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मीटर ९,९९० च्या पुढे दाखवत नाही, म्हणजे लिटरला दहा ग्रॅमपाशीच थांबतो. नमुना १० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ९० मिली एकत्र करून मोजा, आलेला आकडा दहाने गुणा. आरओचं पाणी घेऊ नका, त्याचा स्वतःचा ५०-१०० चा टीडीएस असतो आणि गुणल्यावर ४५० ते ९०० ची खोट येते. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून खारेपणा दाखवणारं उपकरण) असेल तर फार बरं: आधी डिस्टिल्ड वॉटरने शून्यावर आणा, मग दोन-तीन थेंब, काचेखाली हवेचा बुडबुडा नको.

उपाय करताना क्रम चुकवू नये. आधी ओहोटीला बांध फोडून खारं पाणी काढायचं, मग बांध बुजवून पवनचक्कीच्या किंवा सौरपंपाच्या विहिरीचं गोडं पाणी सोडायचं. खाऱ्यावरच गोडं ओतलं तर पंप चालत राहतो आणि तळ तसाच राहतो. तळाची मातीही मीठ धरून ठेवते. खारवट जमीन धुतलेल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. भरल्यावर आठवड्याने पुन्हा मोजा.

माळरान_सोलापूर
खूप उपयोगी माहिती, दोघांचे आभार. उजनीत मिठाचा प्रश्न नाही, पण ऑक्टोबर २०२० सारखा पाऊस पुन्हा झाला तर इथल्या हिवाळी पाहुण्यांसाठी काय पाहायचं?

भीमाकाठ
पाण्याची खोली. उजनी उशिरापर्यंत काठोकाठ राहिलं की चिखलाचे काठ उघडे पडत नाहीत. रोहित पक्ष्याला गुडघाभर पाणी लागतं, तुतारीसारख्या (सँडपायपर) छोट्या पक्ष्यांना तर बोटभर. असे पक्षी मग आसपासच्या उथळ तलावांकडे पांगतात, तेव्हा फक्त उजनीची मोजणी करून ‘यंदा पक्षी घटले’ म्हणू नये. हिप्परगा आणि जवळचे पाझर तलाव त्याच सकाळी मोजा.

पाणी उतरू लागलं की गाळपेरीसाठी नांगर लगेच काठापर्यंत जातो. पाण्यालगतचा निदान पन्नास पावलांचा पट्टा फेब्रुवारीपर्यंत मोकळा ठेवायला शेतकऱ्यांशी आधीच बोला, पेरणी झाल्यावर कोणी ऐकत नाही.

आणि पुरानंतर बाभळींना, वेड्या बाभळींना अडकलेली नायलॉनची जाळी. पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) पहाटे अंधारात चरायला उठतात, त्यात पंख गुंततो. नोव्हेंबरच्या आधी एक फेरी मारून ती कापून आणा; नुसती सोडवून काठावर टाकली तर पुढच्या पाण्यात परत तिथेच. गुंतलेला जिवंत पक्षी सापडला तर डोक्यावर कापड टाका, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा, चोचीत पाणी ओतू नका (श्वासनलिकेत जातं), आणि वनखात्याच्या १९२६ वर कळवा.