गॉथ-इंडस्ट्रियलचा दीड तासाचा सेट: जुना कॅटलॉग उपसायचा कुठून, आणि लय का सरकते?

परळ_रात्रपाळी:

लोअर परळच्या एका बंदिस्त हॉलमध्ये गॉथ (पंकनंतरचा काळोखा रॉक) आणि इंडस्ट्रियल (यंत्रांच्या खरखरीत आवाजांचं संगीत) यांचा दीड तासाचा डीजे सेट लावायचा आहे. सामान हॉलचंच: दोन सीडीजे-२००० नेक्सस २ (पेनड्राइव्हवरून गाणी वाजवणारे डीजे प्लेअर) आणि चार चॅनलचा मिक्सर. ऐकायला येणारे निम्मे मेटलवाले, निम्मे टेक्नोवाले.

ठळक गाणी माहीत आहेत. बाउहाउसचं ‘बेला लुगोसीज डेड’, सिस्टर्स ऑफ मर्सीचं ‘टेम्पल ऑफ लव्ह’, फ्रंट २४२ चं ‘हेडहंटर’, थोडं मिनिस्ट्री, थोडं नाइन इंच नेल्स. ही दहा-बारा गाणी संपली की पुढे अंधार. जुना कॅटलॉग पद्धतशीर कसा ऐकावा? दुसरं, रेकॉर्डबॉक्स (सीडीजेसाठी गाणी तयार करायचं सॉफ्टवेअर) सुझी अँड द बॅनशीजच्या गाण्याला जो बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके, दाखवतो त्यावर दुसऱ्या गाण्याशी सिंक केलं की अर्ध्या मिनिटात खडखडाट होतो. तिसरं, १९८१ चं गाणं आजच्या ट्रॅकनंतर लावलं की आवाजातला जीवच जातो. मास्टर वाढवून उपयोग होत नाही.

माटुंगा_मॅट्रिक्स:

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. ‘बेस्ट ऑफ गॉथ’ छापाच्या प्लेलिस्ट सोडून द्या, त्या एकमेकींवरूनच उतरवलेल्या असतात. माणसांच्या मागे जा आणि लेबलच्या, म्हणजे रेकॉर्ड कंपनीच्या, मागे जा. रेकॉर्डच्या पाठीवर बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं तोच खरा नकाशा, आणि तो डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदींच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतो. कलाकाराचं पान उघडलं की थेट क्रेडिट्समध्ये शिरा. निर्माता कोण, मिक्स कुणाचं, पाहुणा कोण.

मिनिस्ट्रीच घ्या. १९८३ चा पहिला अल्बम चकचकीत सिंथ-पॉप आहे, ऐकून वाटेल चुकीची फाइल उघडली. १९८६ च्या ‘ट्विच’ला निर्माता आला ऑन-यू साउंड या लेबलचा एड्रियन शेरवुड, आणि आवाज पार बदलला. इथून दोन वाटा फुटतात. शेरवुडच्या मागे गेलात तर डब (रेगेतून निघालेला, प्रतिध्वनींनी भरलेला प्रकार) लागेल आणि केएमएफडीएमचा १९८८ चा ‘डोन्ट ब्लो युअर टॉप’ लागेल. मिनिस्ट्रीच्या अल जोर्गेनसनच्या मागे गेलात तर रिव्होल्टिंग कॉक्स, पेलहेड, १००० होमो डीजेज, आणि कॅबरे व्होल्टेअरसोबतचं ॲसिड हॉर्स. हे सगळं शिकागोच्या वॅक्स ट्रॅक्सवर निघालं. त्या लेबलचं पान वर्षानुसार लावून १९८५ ते १९९० एवढंच ऐकलंत तरी तुमच्या मेटलवाल्यांना नाचवण्याइतका माल मिळतो. शिवाय बर्मिंगहॅमचं गॉडफ्लेश घ्या. १९८९ चा ‘स्ट्रीटक्लीनर’ मेटलवाल्यांच्या ओळखीचा असतो, आणि ड्रम मशीनचे असल्यामुळे मिक्सही होतो.

व्हँकुव्हरच्या स्किनी पपीमधून बिल लीब १९८६ मध्ये बाहेर पडला आणि त्याने फ्रंट लाइन असेंब्ली काढलं. म्हणजे एका फांदीवरून दुसरी. बाउहाउसमधून टोन्स ऑन टेल आणि लव्ह अँड रॉकेट्स. थ्रॉबिंग ग्रिसलमधून ख्रिस अँड कोसी एकीकडे, सायकिक टीव्ही दुसरीकडे, तिथून पुढे कॉइल. एका संध्याकाळी एकच फांदी धरा, चारवर उड्या मारल्या की काहीच डोक्यात राहत नाही.

लेबल वाचायचं कसं, त्याचं एक उदाहरण. फोरएडी या ब्रिटिश लेबलचे १९८० च्या दशकातले कॅटलॉग क्रमांक बघा. कॉक्टो ट्विन्सचा ‘ट्रेझर’ सीएडी ४१२ आहे, क्लॅन ऑफ झायमॉक्सचा पहिला अल्बम सीएडी ५०३. पुढची अक्षरं प्रकार सांगतात: सीएडी म्हणजे अल्बम, बीएडी म्हणजे बारा इंची (मोठ्या तबकडीवरचं एखाद-दोन गाण्यांचं सिंगल, बहुधा लांब आवृत्तीचं). आकड्यातला पहिला अंक वर्ष सांगतो, ४ म्हणजे १९८४, ५ म्हणजे १९८५. एवढं कळलं की डीजेसाठी कामाचे बारा इंची वेगळे काढणं पाच मिनिटांचं काम. बाउहाउसचा ‘इन द फ्लॅट फील्ड’ मात्र नुसता सीएडी १३ आहे, १९८० ला ही पद्धत बसली नव्हती.

आणि अल्बमवर थांबू नका. सिस्टर्सचा पहिला अल्बम १९८५ चा. त्याआधीचं सगळं सिंगल आणि ईपींवर (तीन-चार गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डवर) आहे आणि त्यातलं १९८३ पर्यंतचं १९९२ च्या ‘सम गर्ल्स वाँडर बाय मिस्टेक’ या संकलनात एकत्र मिळतं. नाचायच्या दृष्टीने मला तेच त्यांचं सर्वांत कसदार काम वाटतं. नकाशा म्हणून दोन संच चांगले आहेत: वॅक्स ट्रॅक्सचा १९९४ चा तीन सीडींचा ‘ब्लॅक बॉक्स’ आणि चेरी रेडचा २०१७ चा पाच सीडींचा ‘सिलुएट्स अँड स्टॅच्यूज’, ज्यात १९७८ ते १९८६ चा ब्रिटिश गॉथ आहे. त्यातलं जे आवडेल त्याचं मूळ बारा इंची शोधा. संकलनात बहुतेक वेळा छोटी आवृत्ती असते, आणि मिक्स करायला लागणारी नुसत्या ड्रम्सची सुरुवात तिथे छाटलेली असते.

तालमोजणी:

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात: गाण्यात लय कोण धरतोय, माणूस की यंत्र, हे आधी ओळखा. बाकी सगळं त्यावर.

बॅनशीजमध्ये बजी वाजवतो, बाउहाउसमध्ये केव्हिन हॅस्किन्स, जॉय डिव्हिजनमध्ये स्टीफन मॉरिस. माणूस कोरसला लय चढवतो, नंतर उतरवतो. एका गाण्यात दोन-तीन बीपीएमचा फरक सहज पडतो. सॉफ्टवेअर त्याची सरासरी काढून एकच आकडा दाखवतं. आता हिशोब करा, १ बीपीएमचा फरक म्हणजे मिनिटाला अख्खा एक ठोका. अर्ध्या मिनिटात अर्धा ठोका सरकला की दोन स्नेअर एकमेकांच्या मधोमध येतात. तुमचा खडखडाट तो हाच.

याउलट सिस्टर्सचा ‘डॉक्टर अव्हलांच’ हा ड्रमर नसून ड्रम मशीन आहे. न्यू ऑर्डरच्या १९८३ च्या ‘ब्लू मंडे’त ओबरहाइम डीएमएक्स आहे, लय १३० च्या आसपास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच. निट्झर एब, फ्रंट २४२, फ्रंट लाइन असेंब्ली ही सगळी यंत्राची मंडळी. डीएएफ मध्ये बसतं: १९८१ च्या ‘डेर मुसोलिनी’त ड्रम्स रॉबर्ट ग्योर्ल हातानेच वाजवतो, पण सिक्वेन्सरला धरून. त्यामुळे पूर्ण गाण्याची लय टिकते, एखादा ठोका मात्र किंचित पुढेमागे होतो.

माणसाच्या गाण्यांना रेकॉर्डबॉक्समध्ये ॲनालिसिस ‘डायनॅमिक’वर (गाण्यात लय बदलते असं धरून मोजणाऱ्या पद्धतीवर) ठेवून पुन्हा करा. मग ग्रिड, म्हणजे ठोक्यांवर पडलेल्या रेघा, कानाने तपासा: पहिली सम पक्की करा, दर १६ बारांनी (बार म्हणजे चार ठोक्यांचं आवर्तन) थांबून समेची रेघ किकवर आहे का बघा, नसेल तर तिथून पुढचं ग्रिड सरकवा. चार मिनिटांच्या गाण्याला दहा मिनिटं लागतात. आकडा ७० किंवा १६० असा विचित्र वाटला तर तो निम्मा किंवा दुप्पट धरला गेलाय का, ते बघा.

एवढं करूनही अशा दोन गाण्यांचा लांब मिक्स लावू नका. गाण्याच्या शेवटच्या स्नेअरवर एको सोडा, चॅनल खाली घ्या आणि पुढचं गाणं समेवर उचला. एक-दोन बारांत काम संपलं पाहिजे. लूपसुद्धा जपून, चार बारांचा लूप माणसाच्या वाजवण्यावर शिवण दिसल्यासारखा ऐकू येतो. लांब मिक्स यंत्रवाल्यांसाठी राखून ठेवा.

हॉट क्यू (बटण दाबताच गाणं जिथून सुरू होतं त्या खुणा) प्रत्येक गाण्याला चार पुरेत: पहिली सम, गाणारा येतो ती जागा, मधला उतार, आणि बाहेर पडायची शेवटची जागा. ‘बेला लुगोसीज डेड’ नऊ मिनिटांच्या वर आहे आणि गाणारा येईपर्यंत तीनेक मिनिटं जातात, तेवढ्या जागेत आधीचं गाणं निवांत बाहेर काढता येतं. सिस्टर्सच्या ‘धिस करोजन’ची अल्बमवरची आवृत्ती जवळपास अकरा मिनिटांची आणि सुरुवात कॉयरची, म्हणजे समूहगायनाची, तिथे क्यू बीट सुरू होतो त्यावर टाका. कॉयर हवाच असेल तर आधीचं गाणं पूर्ण संपू द्या, कॉयरच्या अंगावर दुसरा बीट चालवलात तर दोन्हींचा चिखल होतो.

आवाजाचं: १९८० च्या दशकातली मास्टरिंग मुळातच हळू आवाजाची असते, आणि खालचा बास आजच्या मानाने पातळ. मास्टर वाढवलात तर दोन्ही गाणी सारखीच वाढतात, फरक तसाच राहतो. चॅनलचा ट्रिम (त्या एकाच गाण्याची पातळी ठरवणारा खटका) गाणं हेडफोनवर असतानाच वाढवा, दोन्ही चॅनलचे मीटर सारखे दिसेपर्यंत, लाल दिवा न लावता. लो, म्हणजे बासचा खटका, दोन-तीन डीबी वर, त्याहून जास्त नाही. जास्त दिलात तर बेस गिटार घुमते आणि किक तसाच बारीक राहतो. नव्या ट्रॅककडे परत जाताना लो आधी शून्यावर आणायला विसरू नका, नाहीतर सबवूफर अंगावर येतो. तसाही एक नवा, एक जुना असा क्रम वाईट. जुनी चार-पाच सलग लावा, कान त्या पातळीला सरावतो.

परळ_रात्रपाळी:

ताई, ‘डायनॅमिक’चं माहीतच नव्हतं. आज रात्रीच बसतो. एक शंका: ‘टेम्पल ऑफ लव्ह’च्या माझ्याकडे दोन फाइल आहेत आणि दोन्ही वेगळ्याच वाटतात. एकीत बाईचा आवाज आहे.

माटुंगा_मॅट्रिक्स:

दोन्ही बरोबर आहेत. मूळ १९८३ चं. १९९२ मध्ये ते नव्याने ध्वनिमुद्रित केलं, त्यात ओफ्रा हाझा गायली आहे. १९९२ चं भरगच्च आहे, आजच्या साउंड सिस्टिमवर जास्त उठतं. १९८३ चं सुकं आणि धारदार, सुरुवातीच्या ईपींच्या शेजारी तेच शोभतं. फाइलच्या नावात वर्ष लिहून ठेवा. ‘हेडहंटर’चंही तसंच, सिंगलवर व्ही१.० आहे आणि ‘फ्रंट बाय फ्रंट’वर व्ही३.०. आवृत्तीचा आकडा नावातून गळला की ऐन वेळी नको ती फाइल लागते.

गिरगाव_३३_४५:

फाइलबद्दल थोडं. फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणारी फाइल) नेक्सस २ वर चालतं, पण त्याआधीच्या सीडीजे-२००० वर चालत नाही. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची एआयएफएफ (अजिबात न दाबलेली फाइल) ठेवा, सगळीकडे वाजते आणि टॅगही टिकतात. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर पन्नास तासांचं संगीत. ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, रेकॉर्डबॉक्समधून एक्सपोर्ट करा, आणि तस्साच दुसरा ड्राइव्ह खिशात ठेवा. कुठूनतरी आलेली ‘फ्लॅक’ स्पेक या आवाजाचा आलेख दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून बघा. आलेख १६ किलोहर्ट्झला सरळ कापल्यासारखा दिसला तर ती १२८ ची एमपी३ आहे, वरून फ्लॅकचा सदरा घातलेली. मोबाइलवर फरक लागत नाही, मोठ्या स्पीकरवर झांजा वाळू ओतल्यासारख्या येतात.

रेकॉर्ड घ्यायच्या असतील तर चोरबाजारात किंवा फोर्टच्या पदपथावर गॉथ मिळेल या आशेने जाऊ नका, तिथला खजिना वेगळा. बाहेरून मागवलेली रेकॉर्ड मात्र मुंबईच्या पावसाळ्यात जपावी लागते. कागदी आतल्या कव्हराला बुरशी आधी धरते आणि तिथून खाचांत उतरते, मग प्रत्येक फेऱ्याला फुसफुस. कागदी कव्हर फेकून पॉलिथिनचं अस्तर असलेलं घाला. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने गोल, आणि उभी ठेवून पूर्ण वाळवा. ओलसर असताना कव्हरात घातलीत तर धुतलेलं वाया. कपाट भिंतीपासून चार बोटं दूर, आत सिलिका जेल. निळे मणी गुलाबी झाले की ते तापवून परत वापरता येतात.

तालमोजणी:

एक राहिलं. टेक्नोवाल्यांना आत ओढायला चरणजित सिंग यांची १९८२ ची रागांची रेकॉर्ड लावा. आपल्या मुंबईचीच, टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बास सिंथ) वर केलेली, यंत्राची लय असल्यामुळे डीएएफनंतर सहज बसते. मिक्स फक्त सुरुवातीच्या ड्रम्सवर करा. वरची सिंथची सुरावट सुरू झाल्यावर दुसरं गाणं खाली चालू राहिलं तर दोन स्वर भांडतात.

आणि हॉलच्या मॅनेजरला पीपीएल आणि आयपीआरएस दोन्ही परवाने आहेत का, ते आधी विचारा. पीपीएल ध्वनिमुद्रणाचा, आयपीआरएस शब्द आणि चालींचा, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. रात्री दहानंतर दार उघडं ठेवून स्पीकर चालवायचा नाही हेही त्यांना सांगून ठेवा. बंदिस्त हॉलची सवलत दार बंद असेपर्यंतच.