रविवारच्या जेवणाला सफरचंद-अक्रोडाचं सॅलड

(सोसायटीचा ग्रुप, पर्वरी, गोवा)

श्वेता, ए ३०२: नमस्कार. रविवारी गच्चीवरच्या जेवणात सॅलड माझ्या वाट्याला आलंय. काकडी-टोमॅटो दर वेळी असतंच, म्हणून या खेपेला सफरचंद, अक्रोड आणि सेलरीचं ते पांढरं गार सॅलड करावं असं मनात आहे. कुणी घरी करतं का? २० माणसं धरली आहेत.

नीलिमाताई, बी १०४: कर गं, छान लागतं. सफरचंदं विकत आणू नकोस. गणपतीच्या डोक्यावर फळं टांगतो ना, त्या आमच्या माटोळीची आठ-दहा उतरवून ठेवलीत, ती ने.

सुषमाकाकू, ए १०१: आमच्याकडचीही ने. चवथीला येणारा प्रत्येक जण फळंच घेऊन आला. फ्रिजमध्ये दुधाला जागा नाही.

विनायककाका, सी १०१: श्वेता, याला वॉल्डॉर्फ सॅलड म्हणतात. बोटीवर मी कोल्ड किचनला होतो, तिथे हे नेहमीचं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.
आधी सफरचंद, कारण सगळं तिथेच ठरतं. माटोळीची फळं यात घालू नकोस. पाच दिवस केळ्यांच्या शेजारी, भाद्रपदातल्या दमट हवेत टांगलेलं सफरचंद आतून पिठूळ होतं. केळी आणि सफरचंद दोन्ही पिकताना इथिलीन वायू सोडतात आणि एकमेकांना लवकर पिकवतात. हे सॅलड दाताखाली करकरलं पाहिजे. फोडणी नाही, मसाला नाही, त्यामुळे मऊ फळ लपायला जागाच नाही.

नीलिमाताई, बी १०४: काका, देवापुढची फळं आहेत. टाकवत नाहीत.

विनायककाका, सी १०१: टाकू मुळीच नका ताई. किसून शिऱ्यात घाला, रवा भाजून झाल्यावर. नाहीतर फोडी साखर-दालचिनीत शिजवा, पोळीबरोबर मुलं आवडीने खातील. शिजवायच्या पदार्थाला मऊ फळच चांगलं, लवकर गळतं. फक्त कच्चं खायचं तिथे ताजं घ्यायचं.

नीलिमाताई, बी १०४: मग रविवारी शिरा माझ्याकडे. गोडाचं कुणी घेतलं नव्हतंच.

श्वेता, ए ३०२: वा ताई! काका, सफरचंद कुठलं घेऊ?

विनायककाका, सी १०१: सध्या हिमाचलचा नवा माल बाजारात आहे, हीच त्याची वेळ. बाजारात ज्याला रॉयल म्हणतात ते लाल फळ गोड असतं. त्याच्या जोडीला हिरवं ग्रॅनी स्मिथ घे, ते आंबट आणि जास्त घट्ट. चार लाल, दोन हिरवी असं प्रमाण ठेव. नुसतं गोड घेतलंस तर मेयोनीजबरोबर चव पडेल. निवडताना देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघ, दबलं तर ठेवून दे. हातात आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. आणि दुकानदार ओळखीचा असेल तर एक कापून खाऊन बघ, त्याच्याइतकी खात्रीची परीक्षा दुसरी नाही.

अदिती, बी ३०१: काका, वॉल्डॉर्फ म्हणजे न्यूयॉर्कचं हॉटेल ना? मग अक्रोड तिथलेच का?

विनायककाका, सी १०१: हो, तेच हॉटेल. १८९३ च्या मार्चमध्ये ते सुरू झालं आणि हे सॅलड तेव्हापासूनचं मानतात. नाव जोडलं जातं ऑस्कर चिर्की यांचं. ते मूळचे स्वित्झर्लंडचे आणि आचारी नव्हते बरं का, जेवणाच्या दालनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे होती. १८९६ मध्ये त्यांनी पाककृतींचं जाडजूड पुस्तक काढलं. त्यात या सॅलडमध्ये तीनच जिन्नस आहेत: सोललेलं सफरचंद, सेलरी आणि चांगलं मेयोनीज. फोडी अर्ध्या इंचाच्या करायच्या आणि सफरचंदाची एकही बी आत जाऊ द्यायची नाही, अशी ताकीदही दिली आहे. अक्रोड मागाहून आला. द्राक्षं, मनुका त्याच्याही नंतर. जुनी इमारत १९२९ मध्ये पाडली आणि त्या जागेवर एम्पायर स्टेट बिल्डिंग उभी राहिली.

अदिती, बी ३०१: म्हणजे अक्रोड नसले तरी मूळ सॅलडच!

विनायककाका, सी १०१: बरोबर. पण मी अक्रोड सोडणार नाही. सफरचंद आणि सेलरी दोन्ही पाणीदार आहेत. त्यांच्यात काहीतरी तेलकट, किंचित कडवट लागतं, तेव्हा घास पुरा होतो.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली रविवारी दुपारी ४ नंतर वॉचमनकडे मिळेल. पाऊस आला तर खाली पार्किंगमध्ये बसू. स्कूटर सगळ्यांनी कंपाउंडच्या भिंतीकडे लावाव्यात.

रेश्मा, सी २०२: श्वेता, आमच्या चिरंजीवाला अक्रोडाची ॲलर्जी आहे, ओठ सुजतात. त्याच्यासाठी अक्रोड न घालता थोडं आधी बाजूला काढशील का?

श्वेता, ए ३०२: नक्की. त्याचा वाडगा आणि चमचा दोन्ही वेगळे ठेवते. अक्रोड फोडायच्या आधीच त्याचं काढून झाकून ठेवीन.

विनायककाका, सी १०१: फार चांगलं केलंत, आधी सांगितलंत. अक्रोड कापलेल्या पाटीवर आणि सुरीने त्याचं सफरचंद कापू नकोस श्वेता. वरून वेचून काढले म्हणजे झालं, असं ॲलर्जीत चालत नाही.

सुषमाकाकू, ए १०१: अक्रोड माझ्याकडे आहेत. दिवाळीला आणलेले, डब्यात आहेत.

विनायककाका, सी १०१: काकू, आधी एक चावून बघा. अक्रोडात निम्म्याहून जास्त तेल असतं आणि ते हवा लागून लवकर खवट होणाऱ्या जातीचं. आपल्याकडचा पावसाळा त्याला सोसत नाही. जुन्या रंगासारखा वास आला किंवा घशाशी खरखरलं तर एकही घालू नका, एका खवट अक्रोडाने अख्खा वाडगा बिघडतो. सोललेले अक्रोड आपल्याकडे फ्रिजमध्येच ठेवायचे, घट्ट झाकणाच्या बरणीत.

सुषमाकाकू, ए १०१: बघितलं चावून. गेलेत. बरं झालं सांगितलंत.

श्वेता, ए ३०२: मी नवीन आणते काकू. काका, भाजायचे का?

विनायककाका, सी १०१: भाजायचेच. ओव्हन असेल तर १६० अंशावर ८ ते १० मिनिटं. तव्यावर करणार असशील तर अगदी मंद आच, हात सतत फिरता. वास सुटला की लगेच ताटात काढ, तव्यातच राहिले तर करपतात. गरम असतानाच स्वच्छ फडक्यात घेऊन चोळ, बरीचशी सालं निघतात. कडवटपणा त्या सालात असतो. सगळी काढायच्या मागे लागू नकोस, थोडी राहिलेली बरी. पूर्ण गार झाल्यावर हातानेच मोड, सुरीने फार चुरा पडतो आणि त्या चुऱ्याने सॅलड मळकट दिसतं.

नीलिमाताई, बी १०४: सफरचंद काळं पडतं त्याचं काय? मी मिठाच्या पाण्यात टाकते.

विनायककाका, सी १०१: मिठाचं पाणी चालतं ताई, पण मग फोडी धुवाव्या लागतात, पुसाव्या लागतात, आणि तेवढ्यात त्या पाणी पितात. या सॅलडला लिंबू बरं. कापलं की फळातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनबरोबर काम सुरू करतं, त्याने फोड तपकिरी होते. आंबटात ते मंदावतं. लिंबाचा रस मोठ्या भांड्यात आधीच पिळून ठेवायचा आणि एकेक सफरचंद कापलं की लगेच त्यात घोळवायचं. सगळी कापून मग पिळलं तर पहिल्याचा रंग गेलेला असतो. साल मी ठेवतो. चिर्की काढायला सांगतात, पण लाल-हिरवी कड दिसायला सुंदर आणि चावायलाही छान. मेणाचा थर असला तर कोमट पाण्यात फडक्याने चोळून धुवायचा.

श्वेता, ए ३०२: सेलरीचं कसं करू? गेल्या वेळी पणजी मार्केटात बघितली तर माना टाकलेली होती.

विनायककाका, सी १०१: बेळगावहून येईपर्यंत सुकते कधीकधी. देठाचं टोक कापून बर्फाच्या पाण्यात अर्धा तास उभी ठेव, ताठ होते. बाहेरच्या जाड देठांच्या शिरा फरसबीसारख्या ओढून काढ. मग कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये. कोवळी पानं टाकू नकोस, बारीक चिरून वरून पेर.
नाहीच मिळाली तर नवलकोल घे. कोवळा, सोलून, सफरचंदाच्याच आकाराचे तुकडे. सेलरीचा वास येणार नाही, पण करकरीतपणा तोच. काकडी मात्र नको, तिला पाणी सुटतं.

मंगेशदादा, बी २०२: काका, आमचं घर शिवराक, म्हणजे शाकाहारी. मेयोनीजमध्ये अंडं असेल तर आम्ही दोघं सोडून देऊ, आमच्यासाठी वेगळं काही करू नका.

विनायककाका, सी १०१: मंगेश, सोडायचं कशाला? सगळ्यांसाठी बिनअंड्याचंच करू. तसंही कच्च्या अंड्याचं घरगुती मेयोनीज मी गच्चीवरच्या जेवणाला देणार नाही. लहान मुलं आहेत, आजी-आजोबा आहेत. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाच्या जंतूंची बाधा होऊ शकते आणि आपल्या उकाड्यात ती वाढायला वेळ लागत नाही. तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती ती काही उगाच नाही.
श्वेता, बिनअंड्याचं मेयोनीज आण आणि त्यात तितकाच चक्का मिसळ. नुसतं विकतचं मेयोनीज गोडसर आणि जड लागतं, चक्क्याने ते हलकं होतं. शनिवारी रात्री अर्धा किलो दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांगून ठेव, खाली भांडं ठेव. फ्रिजबाहेर नको, रात्रभरात आंबेल.

श्वेता, ए ३०२: चक्का जमतो मला. प्रमाण एकदा लिहाल का?

विनायककाका, सी १०१: २० जणांना, बाकीचे पदार्थ असताना: सहा मोठी सफरचंदं, म्हणजे किलोभर. सेलरी पाव किलो. अक्रोड १५० ग्रॅम. मेयोनीज १५० ग्रॅम, चक्का १५० ग्रॅम. दोन लिंबं. ताजी कुटलेली मिरी अर्धा चमचा. मीठ चवीपुरतं आणि अगदी शेवटी. मीठ लागलं की सफरचंद-सेलरीतलं पाणी बाहेर यायला लागतं, मग खाली पांढरं तळं साचतं.
माडाचं व्हिनेगर घरात असेल तर चमचाभर त्या चक्का-मेयोनीजमध्ये घाल. हे न्यूयॉर्कचं नाही, माझं आहे. लिंबाचा आंबटपणा टोकदार असतो, माडाच्या व्हिनेगराचा गोलसर. सफरचंदाला तो फार शोभतो.

फिलोमिना आंटी, ए २०१: व्हिनेगर माझ्याकडून घे श्वेता. गावाहून आणलेलं आहे, चांगलं मुरलंय. सोरपोतेलला, आमच्या डुकराच्या मांसाच्या कालवणाला, काढलं तेच.

श्वेता, ए ३०२: देव बरें करूं आंटी! संध्याकाळी येते बाटली घेऊन.

अदिती, बी ३०१: द्राक्षं घालायची का?

विनायककाका, सी १०१: आता नाशिकच्या द्राक्षांचा हंगाम नाही. फेब्रुवारीत करशील तेव्हा घाल, बिनबियांची, अर्धी कापून. आता मूठभर बेदाणे हवे तर घाला, पण मला विचारशील तर नको. आणि लेट्यूसची पानं खाली पसरतात, तीही या दिवसांत नको. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खायची तर फार निगुतीने धुवावी लागते.

श्वेता, ए ३०२: सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवलं तर चालेल ना? संध्याकाळी मला पाहुण्यांचं बघायचंय.

विनायककाका, सी १०१: नाही गं. एवढी एक गोष्ट माझी ऐक. सकाळी अक्रोड भाज, गार करून बरणीत घाल. सेलरी चिरून ठेव. चक्का, मेयोनीज, व्हिनेगर, मिरी फेटून गार ठेव. सफरचंद धुऊन, पुसून, अख्खंच फ्रिजमध्ये ठेव. रिकामा वाडगासुद्धा फ्रिजमध्ये ठेव. फळ कापायचं ते पानं मांडायला घेतली की. आधी सफरचंद-लिंबू, मग सेलरी, मग पांढरं मिश्रण, त्यातून चिरंजीवाचा वाडगा काढून घ्यायचा, मग मीठ, आणि अक्रोड अगदी वाढताना. आधी घातले तर ते ओल धरतात आणि मऊ पडतात. मिश्रण सगळं एकदम ओतू नकोस. फोडींना जेमतेम लागेल इतकंच, फोड दिसली पाहिजे.

सुषमाकाकू, ए १०१: आणि उरलं तर?

विनायककाका, सी १०१: काकू, तासाभराच्या वर बाहेर राहिलं तर मुलांना देऊ नका. फ्रिजमध्ये ठेवलेलं दुसऱ्या दिवशी खाता येतं, पण करकरीत राहत नाही. म्हणून मी २० जणांना बेताचंच प्रमाण दिलं आहे, संपलेलं बरं.

मंगेशदादा, बी २०२: बर्फ मी आणतो. मोठ्या परातीत बर्फ घालून त्यावर वाडगा ठेवू.

विनायककाका, सी १०१: उत्तम. बर्फात थोडं मीठ टाक, आणखी गार राहील. फक्त ते पाणी वाडग्यात उडणार नाही असं बघ.

श्वेता, ए ३०२: काका, कापायला तुम्ही याल का? सहा सफरचंदं सारख्या फोडी करून झटपट कापणं मला एकटीला व्हायचं नाही.

विनायककाका, सी १०१: येतो की. साडेसातला तुझ्याकडे येतो, सुरी आणि पाटी माझी आणतो. अदितीला लिंबू पिळायला बोलाव.

अदिती, बी ३०१: आले! बियाही मीच बघते.

रेश्मा, सी २०२: चिरंजीवाचा वाडगा मी घरून पाठवते, निळ्या झाकणाचा.

सेक्रेटरी: गच्चीवर प्लग एकच चालू आहे, तो पंख्याला लागेल. मिक्सर वगैरे खालीच आटपून घ्यावा.